वादी

सीपीआरच्या त्या खिडकीत मला नावानं बोलवत नाहीत,
नंबरानं बोलवतात. बरं वाटतं.
नाव मी सुभाषनगरातच ठेवून येते,
ओल्या चामड्याशेजारी, फडक्याखाली.

गोळ्या पिशवीत टाकल्या.
तबस्सुम मुजावर, नवीन आलेली समुपदेशक पोरगी,
म्हणाली, बसा मावशी, आज गर्दी न्हाई.
मग मी विचारलं, सतरा वर्षं जे कुणालाच विचारलं नव्हतं:
तो आत शिरला तवा
माझं अंग काय करत हुतं?
झोपलं हुतं?

तिनं जुन्या केसपेपरच्या पाठीवर एक गोल काढला.
ही पेशी.
गोलाच्या कडेला एक फुगवटा, कळी धरावी तसा.
हा नवा विषाणू, शेजारच्या पेशीकडं निघालाय.
आणि कडेपासून फुगवट्यापर्यंत एक बारीक रेघ.
हे प्रथिन. आपलंच, आपल्याच पेशीत घडलेलं.
एक टोक पेशीच्या कातड्यात, दुसरं त्याच्या अंगात.
बाहेर पडला तरी सुटू देत न्हाई,
दारातच लोंबकळत ठेवतंय.

मी म्हटलं, अगं, ही तर वादी!

तिला वादी ठाऊक नव्हती.
तिच्या पायात प्लास्टिकचं काहीतरी होतं.
मग तिला सांगावं लागलं,
आमच्या पायताणात खिळा नसतो बाई.
तळ, पट्टा, कान, अंगठा,
कातड्यानंच कातड्याला धरलेलं.
आरीनं भोक पाड, वादी ओव, दातात धरून ओढ.
वादी चांगली असली की चप्पल बारा वर्षं कुरकुरते,
सुटत न्हाई.

मग हा कसा सुटला?

तिनं पेन खाली ठेवलं.
तो वादी कापत बसत न्हाई, मावशी.
त्याचा एक बारका गडी असतो,
वादी पेशीच्या कडेला पोचायच्या आतच तो तिला
आत ओढतो, मोडीत घालतो.
म्हणजे पेटीतनंच चोरी.

आणखीही सांगितलं तिनं. सगळं कळलं नाही.
एक प्रथिन त्याच्या पिलाच्या गाठोड्यात लपून जातं
आणि त्याच्या लिखाणातली अक्षरं फिरवतं,
पुढं वाचताच येऊ नये असं.
त्यालाही हाकलणारा माणूस आहे त्याच्याकडं.
एक त्याचं कवच फोडणारं आहे,
माकडाच्या अंगात झकास चालतं म्हणे,
आपल्यात ढिलं.
मी हसले. त्या खोलीत मी पहिल्यांदा हसले.

दिनकर शिरोलीच्या फौंड्रीतनं तापानं फणफणून आला,
परत गेलाच नाही.
सासूनं माझा कप वेगळ्या खिळ्याला टांगला.
आणि मी माझ्याच अंगाला म्हणत राहिले,
दार तूच उघडलंस, मेल्या.

ते बिचारं आत बसून वाद्या ओढत होतं.
पेटीतनं चोरीला जायच्या, ते नव्या घडवायचं.
पुरत नव्हतं. म्हणून गोळ्या.
तबस्सुम ते दोनदा म्हणाली, गोळी चुकवू नका,
वादीच्या जिवावर राहू नका.
न्हाई राहणार.

संध्याकाळी वेणी घालायला बसले.
तीन पदर, मध्ये गोंडा.
जाऊ म्हणाली, आज हात हळू चाललाय, अक्का.
म्हटलं, चालू दे की.

दर महिन्याला डबीवरचं लेबल मी नखानं खरवडते,
पाण्यात भिजवून, एक अक्षर राहू देत नाही.
तो कागद मात्र फाडला नाही.
रापीनं चौकोन कापून घेतला,
गोल, फुगवटा आणि मधली बारीक रेघ,
आणि वाद्यांच्या डब्यात तळाशी ठेवला.

कुणी विचारलं तर सांगेन,
नवा नमुना आलाय.